गंजलेल्या डिस्कचं पत्रक

आईने गाडी शिकायचं ठरवलं तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती आणि नोकरीतून मोकळी होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. पस्तीस वर्षं तिने पलूसच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली. लसींचा डबा खांद्याला लावून ती वाड्यावस्त्यांवर चालत गेली, एसटीने गेली, दुधाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेली. एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून तिने एका बाळंतिणीला गाठलं होतं. निरोप समारंभाचा नारळ आणि साडी घेऊन ती घरी आली, आणि चहा पिता पिता म्हणाली, "आता दुसऱ्याच्या गाडीत न्हाई बसायचं."

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "मग?"

"माझ्या गाडीत बसायचं. स्टेरिंगच्या बाजूला."

सांगलीत, आमच्या विश्रामबागेतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिच्याबरोबर सगळी कॉलेजची पोरं होती. पहिल्या आठवड्यात ती पोरं तिला 'मावशी' म्हणत होती. तिसऱ्या आठवड्यात तीच पोरं तिला बीपी कसं मोजतात ते विचारत होती. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. मग दसऱ्यानंतर आमच्या दारात मोतिया रंगाची एक छोटी गाडी आली. तिच्या बॉनेटवर आईने स्वतः स्वस्तिक काढलं आणि किल्ली कुणाच्या हातात न देता कनवटीला लावली.

तिच्या मनात काय होतं, ते तिने मला दिवाळीत सांगितलं. तिचं माहेर वाईजवळ. तिकडे आषाढात बेंदूर असतो, बैलांचा सण. तिच्या लहानपणी त्यांच्या दावणीला चार बैल होते. बेंदराला शिंगं रंगवून, झुली घालून त्यांची मिरवणूक निघायची. पुढच्या बैलाचा कासरा माझ्या मामाच्या हातात असायचा आणि आईच्या हातात ओवाळायचं ताट.

"त्यात काय वाईट न्हवतं," आई म्हणाली. "पन एकदा तरी वाटायचं, आपल्याबी हातात कासरा असावा. आता बैल न्हाईत. पन बेंदराला मी माझी गाडी माझ्या हातानं चालवत दारात न्हेनार."

मी लगेच सरसावून बसले. बाईच्या हातातला कासरा. माझ्या डोक्यात मथळा तयारच झाला. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याचं पत्रक काढू नगंस."

तिचा संशय रास्त होता. आण्णांचा गावभागात छोटा छापखाना आहे. आता तिथे लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापतात, पण माझ्या लहानपणी तिथे पाणी मागणाऱ्यांची, हमाली करणाऱ्यांची, अंगात येण्याविरुद्ध बोलणाऱ्यांची पत्रकं छापली जायची. पैसे असतील तर पैसे घेऊन, नसतील तर नुसत्या कागदाच्या खर्चावर. इतर पोरींना चिऊ-काऊच्या गोष्टी मिळाल्या, मला 'जाहीर निषेध' मिळाला. मी पहिलं जोडाक्षर शिकले ते 'मागण्या' या शब्दातलं. आण्णांचे पत्रकाचे नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ होते: विशेषणं कमी, तपशील जास्त. काय झालं, काय पाहिजे आणि कधीपर्यंत पाहिजे, एवढंच. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की पत्रक ज्याच्या विरुद्ध असेल त्याला पहिली प्रत द्यायची. स्वतः जाऊन, हातात. एकदा साखर कारखान्याच्या कामगारांचं पत्रक निघालं तेव्हा आण्णा सायकलवरून थेट चेअरमनच्या बंगल्यावर गेले, पहिली प्रत दिली, त्यांचा चहा प्यायले आणि परत येऊन बाकीची वाटली.

"समोरच्याला जे तोंडावर सांगता येत न्हाई," ते म्हणायचे, "ते छापायचं न्हाई."

मी स्वतः साताऱ्याला एका छोट्या साप्ताहिकात काम करते, शनिवार-रविवार घरी येते. त्यामुळे गाडीचं दुखणं मला उशिरा कळलं. ज्येष्ठ महिन्यातल्या एका रविवारी आई खुर्चीत पाय ताठ करून बसली होती आणि उजव्या पोटरीला तेल चोळत होती.

"काय झालं?"

"पाय थरथरतोय. ब्रेक दाबला की थरथरतोय. वय झालं."

नर्सच ती. तिने साखर तपासून घेतली होती, बीपी घरीच मोजलं होतं, रात्री पायाला पट्टी बांधून झोपून बघितलं होतं. सगळं ठीक होतं, फक्त ब्रेकवर पाय ठेवला की थरथर. मी किल्ली मागितली. तिने बराच विचार करून दिली. मिरजेच्या रस्त्याला पहिल्या सिग्नलला मी ब्रेक दाबला आणि माझा पाय गुडघ्यापर्यंत थरथरला. स्टेअरिंगही हलल्यासारखं झालं, आणि पुढून खरवडल्याचा आवाज आला.

घरी येऊन मी सांगितलं, "आई, तुझ्या पायाला काही झालेलं नाही. माझाही थरथरतो."

आई म्हणाली, "तुजीबी साखर बघू का?"

गाडी जिथून घेतली ती शोरूम मिरज रोडलाच आहे, काचेची, आत कॉफीचं मशीन असलेली. मागे वर्कशॉप. सोमवारी मी सुट्टी टाकून आईबरोबर गेले. काउंटरवरचा सर्व्हिस ॲडव्हायझर माझ्याच वयाचा, शर्ट कडक इस्त्रीचा. त्याने पुढचं चाक काढून घेतलं आणि आम्हाला बोलावलं. चाकाच्या आत ब्रेकची जी लोखंडी थाळी असते, डिस्क, तिच्यावर तांबूस चट्टे उठले होते. करपलेल्या भाकरीला डाग पडावेत तसे.

"गंज आहे मॅडम," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना. डिस्क बदलाव्या लागतील. पण गंज वॉरंटीत येत नाही."

"गाडीला वर्षसुद्धा झालेलं नाही."

"डिस्क कन्झ्युमेबलमध्ये येते. म्हणजे वापरून संपणारी वस्तू."

"ही संपलेली नाही, सडलेली आहे. संपणं वेगळं आणि सडणं वेगळं."

तो माझ्याशी बोलायचं सोडून आईकडे वळला, आणि तिथे त्याने चूक केली. "मावशी, तुम्ही नवीन शिकलात ना? तुमचा पाय सारखा ब्रेकवर असतो का? तुमच्या वयाच्या लोकांचं होतं असं."

 जिने अर्ध्या तालुक्याच्या पोरांना सुया टोचल्या, ती बाई मान खाली घालून आपल्या उजव्या चपलेकडे बघत राहिली. 

"पायानं गंज चढतो का?" मी विचारलं. "कुठल्या पुस्तकात लिहिलंय? वॉरंटीचं पुस्तक आणा."

त्याने आणलं. बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. मी त्यांच्या सोफ्यावर बसून ते पहिल्या पानापासून वाचलं. दोन कॉफ्या होईपर्यंत वाचलं. तो मधून मधून येऊन बघून जात होता. शेवटी मला ते कलम सापडलं: आम्ल, झाडांचा चीक, पक्ष्यांची विष्ठा आणि समुद्राची खारी हवा यांमुळे चढलेल्या गंजाला कंपनी जबाबदार नाही.

"विश्रामबागेत समुद्र कुठं आला?" मी मोठ्याने विचारलं. सोफ्यावरची दोन गिऱ्हाइकं हसली. ॲडव्हायझर हसला नाही. क्लेम वर पाठवता येणार नाही, डिस्क स्वखर्चाने बदला, असं त्याने जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून दिलं आणि आम्ही गाडी तशीच परत आणली. मी चालवत आणली. आई मागे बसली, आणि मला ते फार लागलं.

घरी आण्णांनी सगळं ऐकून घेतलं, मग उठून फाइल काढली. आण्णा कागद फेकत नाहीत. आमच्या घरात गॅसच्या पावत्यासुद्धा सालवार लावलेल्या असतात. गाडीच्या फाइलमध्ये पहिल्या मोफत सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड होतं. त्याच्या तळाशी कुणीतरी पेनने खरडलं होतं: 'पुढच्या डिस्क – हलका गंज – कस्टमरला सांगणे.'

"सांगितलं होतं का तुला कुणी?" आण्णांनी आईला विचारलं.

"गाडी चकाचक धुऊन दिली आन् किल्ली दिली. बाकी कायबी न्हाई."

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं, लिहिलं होतं आणि गिळलं होतं. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. बेंदराला तीन आठवडे उरले होते.

पहिल्या मसुद्याला मी नाव दिलं, 'गंजलेल्या डिस्क आणि न गंजलेले प्रश्न'. आण्णांनी चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीवर रेघ मारली. "हे नाटकाचं नाव झालं. 'डिस्क बदलून द्या' असं लिही." 'भांडवली मुजोरी' गेलं, 'निर्लज्ज' गेलं, 'षड्‌यंत्र' गेलं. राहिलं ते असं: गाडी कधी घेतली, थरथर कधी सुरू झाली, जॉब कार्डवर काय लिहिलंय, पुस्तकात काय लिहिलंय, आमची मागणी काय. आणि माझं एक आवडतं वाक्य राहिलं: 'यात ग्राहकाकडून कोणतीही चूक झालेली नाही.'

"ह्ये खात्रीनं म्हणतेस?" आण्णांनी विचारलं.

"खात्रीनं."

शुक्रवारी मी पुन्हा सुट्टी टाकून आले. दुपारी पिवळ्या कागदावर शंभर प्रती छापून झाल्या. शनिवारी शोरूममध्ये नव्या गाड्या हार घालून देतात, गर्दी असते. आधी मॅनेजरला पहिली प्रत, मग गेटवर बाकीच्या, असं ठरलं. मी व्हरांड्यात बसून गठ्ठे बांधत होते. आण्णा शेजारी घड्या घालत होते. आई भाजीला गेली होती. थरथर असली तरी विश्रामबागेतल्या विश्रामबागेत ती जपून गाडी काढायची, माझ्या मागे बसून येण्याचा राग तिने असा काढला होता.

ती आली. गाडी अंगणात लावली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या, आणि आत जाऊन बोअरच्या टाकीखालची कळशी भरून घेऊन आली. मला वाटलं, तुळशीला. ती गाडीकडे गेली, पुढच्या चाकाशी वाकली आणि चाकाच्या जाळीतून कळशीतलं पाणी ओतलं.

चर्रर्र झालं. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं. चाकातून वाफ निघाली.

आई दुसऱ्या चाकाकडे वळली.

आण्णांच्या हातातला कागद अर्ध्या घडीतच राहिला. मी हळूच विचारलं, "आई, काय करतेस?"

"पाय धुतीय."

"कुणाचे?"

"गाडीचे. भायेरनं आली की धुते मी. माझा बा बैल शेतातनं आला की आदी त्याचे पाय धुवायचा, मग सोता जेवायचा. गाडी काय बैलापरीस कमी हाय व्हय?" आणि तिने तिसऱ्या चाकावर पाणी ओतलं. "रोज धुते. तू साताऱ्यात, ह्ये छापखान्यात, तुमाला कसं दिसंल?"

मी कळशी बघितली. आतून तिला पांढरा थर चढलेला होता. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, उसाला पाणी पाजून पाजून ही सगळी जमीनच खारट झाली आहे, यावर मी स्वतः एक लेख लिहिलेला आहे. बादल्या पांढऱ्या होतात, नळ गंजतात, डाळ शिजत नाही. आणि दसऱ्यापासून रोज, गरम लोखंडावर, तेच पाणी. विश्रामबागेत समुद्र कुठं आला म्हणून मी भर शोरूममध्ये विचारलं होतं. समुद्र आमच्याच अंगणात होता, टाकीखाली.

आण्णा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला. मीही हसले. पोट दुखेपर्यंत हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की आई हसत नाहीये. तिने कळशी खाली ठेवली होती. पिवळ्या गठ्ठ्यावरचं वरचं पत्रक उचलून ती वाचत होती.

"म्हंजी माझीच चूक," ती म्हणाली. "त्यो पोरगा बरूबर बोलला."

"त्यानं पायाला नावं ठेवली. पायाचं काही नाही यात."

"पाय न्हाई तर हात. माझाच की." ती आत गेली आणि किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. कनवटीला नाही. "बेंदराला एसटीनं जाते मी. सकाळची वाईची गाडी हाय."

हसणं तिथेच थांबलं. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, कुणाला कळणार आहे? पाणी वाळून जातं. जॉब कार्डवरचा शेरा खरा आहे, पुस्तकातलं कलम खरं आहे. एक वाक्य सोडलं तर पत्रक सगळं खरं आहे. मी आण्णांकडे बघितलं. मला वाटतं, त्यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं.

"गंज त्यांनी लपवला म्हणून तुला राग आला ना?" ते म्हणाले. "मग आता?"

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

मी पहिल्या प्रतीवरच्या त्या आवडत्या वाक्यावर रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'आमच्या घरी गाडी बाहेरून आली की बैलाचे पाय धुवावेत तसं गरम चाकांवर बोअरचं पाणी ओतत होते. ही चूक आम्हाला छपाईनंतर कळली. पण गंज तुम्हाला पहिल्या सर्व्हिसिंगलाच दिसला होता. तुम्ही तेव्हा सांगितलं असतं, तर ओतणं तेव्हाच थांबलं असतं.' हे लिहून झाल्यावर मला कळलं, की आधीच्या पत्रकापेक्षा हे जास्त धारदार झालंय. मी ते आईला वाचून दाखवलं. ती दाराशी उभी होती.

"परत वाच," ती म्हणाली. मी वाचलं.

"नुसतं 'होते' नगं. कोन ओतत हुतं ते लिही. 'मी' लिही, आन् खाली सही मी करते."

शनिवारी आम्ही तिघंही गेलो. गाडी मी चालवली, आई पुढे बसली. निदान मागची पुढे तरी आली. मॅनेजर पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या, केबिनमध्ये डबा खात होता. त्याने डबा बाजूला सारला आणि आम्हाला बसवलं. आण्णांनी उभं राहूनच पहिली प्रत त्याच्या हातात दिली.

"हे तुमच्याविरुद्धचं पत्रक," आण्णा म्हणाले. "पहिली प्रत तुम्हाला द्यायची पद्धत आहे आमच्यात."

मॅनेजरने असा प्रकार आधी बघितला नसावा. त्याने हात पुसले, वाचायला सुरुवात केली. समासातल्या मजकुराशी आल्यावर तो थांबला, त्याने तो परत वाचला, आणि वर बघून आईला विचारलं, "मावशी, गाव कुठलं?"

"वाईजवळ."

"मी कोरेगावकडचा. बैल किती होते?"

"चार. एक मारका हुता."

"आमचे दोन. वडील पाय धुवायचे, मी शेपटी धरायचो." त्याने पत्रक टेबलावर ठेवलं. "पण मावशी, बैलाला ब्रेकची डिस्क नसते."

"त्ये आता कळलं," आई म्हणाली. "तुमी जवा बगितलं तवाच सांगाया पायजे हुतं. रोग्याला ताप दिसला आन् नर्सनं सांगितला न्हाई, तर चूक रोग्याची का नर्सची?"

मॅनेजरने ॲडव्हायझरला आत बोलावलं. जुनं जॉब कार्ड पुढे ठेवलं. पोरगा ते वाचून स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. मला त्याची थोडी दया आली, फार नाही.

"गाडी बघू चला," मॅनेजर म्हणाला. वर्कशॉपमधून जाताना गाड्या धुवायची जागा लागते. ट्रायल मारून नुकत्याच आलेल्या एका गाडीवर एक जण पाइपने जोरात पाणी मारत होता. चाकांवरही. आई थांबली. साडीचा पदर सावरून ती खाली वाकली, फरशीच्या कडेला बोट फिरवलं आणि बोटावरचा पांढरा थर मॅनेजरला दाखवला.

"तुमचंबी पानी बोअरचंच हाय की."

मॅनेजरने बोटाकडे बघितलं. मग त्या गाडीच्या चाकाकडे. चाकातून वाफ निघत होती.

"आन् तुमी तर कळशीनं न्हाई," आई म्हणाली, "पाइपानं धुताय."

आण्णा दुसरीकडे बघायला लागले, त्यांचे खांदे हलत होते. या वेळी ॲडव्हायझरही हसला, आणि मग मॅनेजर. मी एकटीच गंभीर होते, कारण मला लेखी पाहिजे होतं. मी ते मागितलं. मॅनेजर म्हणाला, "वॉरंटीत हे बसत नाही आणि मी बसवणार नाही, खोटं कारण लिहावं लागेल. पण कंपनीकडे 'गुडविल' नावाची एक सोय असते, दोन्हीकडून काही चुकलं असेल तर वापरायची. तिथे मी खरं कारण लिहून पाठवतो, तुमच्या पत्रकासकट. मंजूर झालं तर डिस्कचा खर्च कंपनीचा, ब्रेक पॅडचा तुमचा. कबूल?"

मी म्हणाले, "उत्तर कधीपर्यंत?"

"आठ दिवस."

"आणि तोपर्यंत गेटवर पत्रक नाही वाटणार. पण पहिली प्रत 'मिळाली' म्हणून आमच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का पाहिजे."

त्याने शिक्का मारला. आण्णांनी तो कागद फाइलला लावला.

उत्तर दहाव्या दिवशी आलं. मधल्या दोन दिवसांत मी साताऱ्याहून रोज फोन करत होते, आणि ॲडव्हायझर आता मला 'ताई' म्हणत होता. आईने त्या काळात किल्लीला हात लावला नाही. ती एसटीचं वेळापत्रक लिहून ठेवायची आणि आण्णा ते हरवायचे. शेवटी ॲडव्हायझरचा फोन आला तो माझ्याकडे नाही, थेट आईकडे.

"मावशी, मंजूर झालं. कधी आणताय गाडी?" मग थोडं थांबून तो म्हणाला, "मी पायाबद्दल बोललो ते चुकलं माझं."

"राहू दे रं," आई म्हणाली. "तुजं लसीकरण कुठं झालं? पलूसला? मग मीच टोचलं आसंल तुला."

नव्या डिस्क बसल्या. ट्रायल घ्यायला मॅनेजरने मेकॅनिकला स्टेअरिंगवर बसवायचं म्हटलं तर आईने मेकॅनिकला शेजारच्या सीटवर बसवलं. मिरजेच्या सिग्नलला तिने ब्रेक दाबला. गाडी तुपासारखी थांबली, असं तिने मला फोनवर सांगितलं. तिने परत दाबून बघितला. मागची रिक्षा ओरडायला लागली तेव्हा कुठे ती निघाली. संध्याकाळी किल्ली कनवटीला होती.

बेंदराच्या दिवशी सकाळी मी साताऱ्यात पोवई नाक्यावर उभी होते. आई आष्ट्यावरून, पेठ नाका, कराड करत येणार होती. भुरभुर पाऊस होता. मोतिया गाडी दिसली, इंडिकेटर लावून अगदी कडेला आली आणि माझ्यापासून एका हातावर थांबली. आण्णा शेजारी बसले होते, मांडीवर फाइल. फाइल का, असं मी विचारलं नाही.

"दार नीट लाव," आई म्हणाली. लिंब खिंडीच्या उतारावर तिने मला आरशातून सांगितलं, "बघ हां आता," आणि ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. काही झालं नाही. तेच तर दाखवायचं होतं. पाचवडपर्यंत आण्णा दोनदा डुलले, आणि शेजारी बसून डुलणं ही आण्णांनी तिला दिलेली सगळ्यांत मोठी शाबासकी होती.

माहेरच्या अंगणात ट्रॅक्टरला हार घातला होता, कारण आता तोच त्यांचा बैल. आईने गाडी त्याच्या शेजारी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि उतरली. मामा बघतच राहिला. "आक्का, येकटीनं चालवलीस? सांगलीवरनं?"

"येकटीनं कशाला, ह्ये दोघं हुते की. झोपल्याले."

तेवढ्यात मामी आतून तांब्या घेऊन आली. लांबून आलेल्या जनावराचे पाय धुवायची रीत त्या घरात अजून आहे. ती सरळ गाडीच्या पुढच्या चाकाकडे गेली आणि वाकली.

"थांब," आई म्हणाली, आणि तिचा हात इतका चपळ पुढे आला, की तांब्यातलं पाणी हिंदकळलं. "गरम हाय ती. गार हू दे आदी. त्याचं पत्रक हाय माझ्याकडं, देते तुला वाचाय." आणि खरोखर आण्णांनी फाइल उघडली. त्यात नवी, सुधारून छापलेली पत्रकं होती. आईने मला न सांगता छापून घेतली होती: 'गरम चाकावर पाणी ओतू नका.' खाली तिची सही. त्या दिवशी तिने अर्ध्या गावाच्या ट्रॅक्टरवाल्यांना ती वाटली. मला एकही वाटू दिलं नाही.

पण ते नंतर. आधी मामी तांब्या घेऊन तशीच अवघडून उभी होती. आणलेलं पाणी परत न्यायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. आईने चप्पल काढली, साडी जरा वर घेतली आणि आपला उजवा पाय पुढे केला.

"ह्यो धू," ती म्हणाली. "सांगलीपासनं ब्रेकवर ह्योच हाय."